साळूबाई सन्मानाला गेल्या

त्या राज्यात तळ्याकाठी वैद्य उदंड होते आणि माळावर दुखणी उदंड होती. तळ्यावर डाव्या शिंगाचा वैद्य वेगळा, उजव्या शिंगाचा वेगळा. कान बघणारा शेपटीला हात लावत नसे. माळावर मात्र शिंग असो, शेपूट असो, बाळंतपण असो की नुसती झोप न येण्याची तक्रार, सगळं एकाच दारात यायचं. ते दार साळूबाईंचं.

साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, बारीक डोळे, आणि हात इतका हलका की मोडलेला पंख बांधून होईपर्यंत पाखराला पत्ता लागत नसे. पण आता वय झालं होतं. दात झिजले होते, वाळकी मुळी चावून लेप करायचा तर दुपार व्हायची. आपल्यामागे या माळाचं कोण, हा एकच घोर त्यांच्या जिवाला होता. त्यापायी त्या दर वर्षी तळ्याकडून शिकाऊ वैद्य मागून घेत, जीव ओतून शिकवत, आणि मुदत संपली रे संपली की तो जो निघायचा तो थेट तळ्यावर. परत म्हणून कुणी फिरकला नाही.

यंदा आला होता एक बगळा. पांढराशुभ्र, इस्त्री करून ठेवल्यासारखा. पहिल्या दिवशी चिखलात पाय टाकायला तयार नव्हता.

"अरे, दुखणाईत काय तुझ्यासाठी आंघोळ करून येणार आहेत?" बाई कडाडल्या, आणि गडी उतरला चिखलात. चोच नेमकी, नजर तीक्ष्ण. म्हशीच्या कानातला गोचीड तो असा उचलायचा की तिचा रवंथ थांबत नसे. बाईंना पोर आवडलं, आणि आवडलं म्हणून धाकधूक जास्तच वाढली.

त्यांची शिकवायची रीत राज्यात नावाजलेली होती. शिकाऊ वैद्य कामाला बसला की त्या त्याच्याकडे पाठ करून बसत. "मी बघत नाही हं. तुझं तू कर." तळ्यावरून पाहणीला येणारी घार दोन घिरट्या घालून जायची. खाली काही उतरायची नाही, पंखांना धूळ लागते ना! पण पाठ फिरवून बसलेल्या गुरुबाई तिला वरूनसुद्धा दिसल्या. तिने जाऊन सांगितलं आणि तळ्यावरच्या वैद्यसभेने ठरवलं, उत्तम वैद्यगुरूचा सन्मान यंदा साळूबाईंचा. अट एकच, स्वतः येऊन घ्यायचा.

ही अटच नडायची. आमंत्रण याआधीही आलं होतं. पण माळ कुणाच्या भरवशावर टाकून जाणार? मग सन्मान जायचा मोराला. मोर तळ्याशेजारीच राहायचा आणि पिसारा फुलवून तयारच असायचा. आता साळूबाईंना सन्मान नको होता असं मुळीच नाही बरं का. हवा होता, चांगला हवा होता. हार घातला तर काट्यांत अडकेल का, इथपर्यंत त्यांचा विचार झालेला होता.

"दोन दिवस सांभाळशील?" त्यांनी बगळ्याला विचारलं.

बगळा एका पायावर उभा राहिला. "नाही जमणार, बाई."

"का? हात चांगला आहे की तुझा."

"हात आहे हो. पण..." तो चाचरला. "तुमचे काटे वाजतात."

"काय वाजतात?"

"तुम्ही पाठ करून बसता तेव्हा. माझं चुकायला लागलं की खुळखुळ ऐकू येते. मग मी हात बदलतो. खुळखुळ थांबली की समजायचं, जमलं. खरं सांगू? मी दुखणाइताकडे बघतच नाही. माझे कान तुमच्या पाठीला चिकटलेले असतात."

बाई थक्क झाल्या. त्यांना याची गंधवार्ता नव्हती. "आधीच्यांनाही ऐकू यायची?"

"सगळ्यांना. तळ्यावर अजून नक्कल करतात."

साळूबाईंना हसूही फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. एकेक गुणी पोर या खुळखुळीपायी स्वतःवर विसंबायला न शिकताच निघून गेलं होतं, आणि आपण म्हणत होतो, मी बघत नाही!

"मग तर मी जातेच," त्या म्हणाल्या.

"आणि कुणाचं बरंवाईट झालं तर?"

"नाही होणार," बाई ठासून म्हणाल्या, आणि त्याच क्षणी त्यांची पाठ खुळखुळली. दोघांनीही ती खुळखुळ ऐकली. बगळा खो खो हसत सुटला.

तळ्यावर थाट मोठा होता. जुने शिष्य पुढे बसलेले. एकाने वाकून नमस्कार केला. "बाई, मी आता उजव्या नाकपुडीचा वैद्य."

"वा! आणि डावी?"

"डावीसाठी पलीकडच्या काठावर जावं लागतं."

बाई हसू दाबत होत्या तोच घार आली. "माळावर रांग लागली आहे, टेकडीच्या पार. एवढी लांब मी कधी बघितली नाही!"

बाईंना वाटलं, साथ आली असणार. पोर गांगरलं असणार. गळ्यात झेंडूचा हार पडतो न पडतो तोच त्या निघाल्या. "निदान दोन शब्द तरी बोला," असं म्हणत हार घालणारा राजहंस मागे धावला, पण कुणाला सांगता! वाटभर त्या स्वतःलाच बोल लावत होत्या, हार पाहिजे होता ना, घे आता. त्या घाईत बाभळीचा काटा पायात रुतला, ओढायला गेल्या तर आतच मोडला. तशाच लंगडत त्या टेकडीशी पोचल्या.

रांग खरोखरच होती. पण रडारड नव्हती, गप्पा चालल्या होत्या. त्यांनी एका सशाला गाठलं. "साथ आहे का रे?"

"छे हो, मला गळू आहे. जुनंच आहे."

"मग इतके दिवस का नाही आलास?"

ससा ओशाळला. "राग मानू नका बाई. तुमचे काटे हो! आमचं नाक फार नाजूक." बघतात तर बरीचशी रांग अशीच, नाजूक नाकांची, मऊ पोटांची. ससे, बेडूक, एक गोगलगाय. ही मंडळी आजवर बाईंच्या दारी कधी आलीच नव्हती.

पुढे बगळा एका म्हशीला तपासत होता. तिच्या सुजलेल्या गुडघ्याला बाई कित्येक दिवस लेप लावत होत्या. बगळ्याने लेप घेतलाच नाही. "चालून दाखव," म्हणाला. असं नाही रे, आधी लेप, हे बाईंच्या ओठांवर आलं. बगळा म्हशीभोवती फिरला, खाली वाकला आणि खुराच्या बेचक्यातून एक खडा उपसून काढला. म्हैस दोन पावलं दबकत चालली, मग चक्क धावली. बाई बघतच राहिल्या.

भानावर येऊन त्या दाराकडे निघाल्या, तर एक शेळी आडवी आली. "ओ बाई, मध्येच कुठे? नंबर आहे."

"अगं, मी..."

"हार घातला म्हणून काय झालं? आम्ही सकाळपासून उभ्या आहोत," असं म्हणून शेळीने हारातला झेंडू ओरबाडून खायलाही सुरुवात केली.

साळूबाईंना इतकं बरं वाटलं की काही विचारू नका. त्या निमूट मागे गेल्या आणि गोगलगाईच्या मागे उभ्या राहिल्या. रांग सरकत होती. डोक्यावरून घार ओरडत गेली, "बगळ्या, मुदत संपली, चल!" बगळा सशाचं गळू बांधत होता. त्याचे पंख आता माळाच्याच रंगाचे दिसत होते. घार पुन्हा एकदा ओरडली आणि कंटाळून गेली.

ऊन कललं. गोगलगाय आपल्या गतीने आत गेली, आपल्या गतीने बाहेर आली.

"पुढचं कोण?" बगळ्याने मान वर न करताच विचारलं.

साळूबाई पुढे झाल्या आणि दुखरा पाय त्याच्यासमोर ठेवला.