मान टाकलेलं अंजीर

एका राज्यात दगडालाही पाझर फुटे, असं म्हणत. पण राणी हिरामतीच्या अंगणातला दगड काही पाझरेना, कारण तो दगड नव्हताच. तो तिचा मुलगा होता.

राजपुत्र शशांगदाने कालजंघ जादूगाराच्या बागेतलं अंजीर न विचारता तोडून खाल्लं. जादूगार रागावला नाही. शांतपणे म्हणाला, "पायापासून दगड होशील. आईच्या हातचं, झाडावर पिकलेलं अंजीर खाशील तेव्हा सुटशील. पण तिच्या झाडाचं फळ कच्चं गळलं, की दगड वर चढेल." राणीच्या हाती एक रोप ठेवून तो हसत निघून गेला.

राजपुत्राची पावलं तिथेच अंगणात दगड झाली. राणीने रोप त्याच्याशेजारीच लावलं. रोप जादूचं, चार दिसांत पुरुषभर झालं. राणी त्याला सकाळी पाणी घाली, दुपारी पाणी घाली, सांजेला दूध घाली. खताच्या तर पाट्याच्या पाट्या. पानं सुपाएवढी झाली, पण बोराएवढी हिरवी अंजिरं टपटप गळाली. पानांवर तांबेऱ्याचा रोग चढला. शशांगद कमरेपर्यंत दगड झाला.

"माझंच काही कमी पडतंय," म्हणत राणीने आणखी एक घागर ओतली.

"आईसाहेब, त्यालाही माझ्यासारखंच पाजताय," शशांगद म्हणाला. "पोट भरलं म्हटलं, तरी पेला तोंडाला असायचाच."

"म्हणून तर एवढा वाढलास."

"वाढलो खरा. निम्मा दगड आहे आता."

तेवढ्यात कठड्यावर एक धनेश येऊन बसला. पाखरू माणसासारखं बोलू लागलं. "राणीसाहेब, तीन कामं सांगतो. तिन्हींत तुमचा जीव जाईल असं वाटेल. पहिलं, पानं झडेपर्यंत पाणी तोडा."

"मरेल ते."

"झोपेल. त्याला कुणी झोपूच दिलेलं नाही."

राणीने घागर पालथी घातली. पानं पिवळी पडली, झडली, उघड्या फांद्या हाडांसारख्या दिसू लागल्या. येता जाता तिचा हात घागरीकडे जाई आणि मागे येई.

"दुसरं," पाखरू म्हणालं, "फांद्या छाटा. फळ नव्या फुटीला धरतं. रोगट पानं वेचून जाळा. मग पाणी द्या, पण माती सुकल्यावरच."

राणीने कोयता घेतला. प्रत्येक फांदीतून पांढरा चीक आला आणि प्रत्येक वेळी तिचे डोळे भरले. पण खुंटाखुंटाला कोंब फुटले आणि कोंबांवर दोन अंजिरं धरली. दोनच.

"तिसरं सगळ्यांत अवघड. हात लावू नका. फळ आपली मान टाकेल तेव्हाच तोडा. तोडलेलं अंजीर मागून पिकत नाही."

राणी रोज फळांसमोर बसे. एक दिवस तिला राहवेना. पिकलं का, म्हणून तिने एक अंजीर नुसतं अंगठ्याने दाबलं. देठाशी चिकाचा थेंब आला, फळ गळलं, आणि दगड शशांगदाच्या छातीवरून, गळ्यावरून थेट हनुवटीपर्यंत चढला.

त्याच वेळी कालजंघ दारात उभा राहिला. गोड आवाजात म्हणाला, "बाई, उरलेलं तरी तोडा. रंग आलाय. हे पाखरू काय तुमच्यासाठी बसलंय?"

"मला भूक आहे, हे खरं," धनेश म्हणाला. "पण त्या फळाची मान अजून ताठ आहे. मीसुद्धा तोडणार नाही."

राणीने मुलाकडे पाहिलं. त्याला आता बोलता येत होतं तेवढंच. "आईसाहेब, थांबा."

तिने पदराच्या टोकाने आपलेच हात बांधून घेतले, गाठ दातांनी आवळली आणि झाडाखाली बसली. जादूगार बोलत राहिला. ऊन आलं, गेलं, पुन्हा आलं. मग अंजीर जांभळट झालं, मऊ झालं आणि झोप लागलेल्या लेकरासारखी त्याने मान टाकली.

राणीने दातांनी गाठ सोडली. बोट लागताच फळ हातात आलं. देठाला चिकाचा टिपूस नव्हता. तिने ते मुलाच्या ओठांत ठेवलं. दगड वरून खाली उतरत गेला. टाचेतून निघाला तसा कालजंघही विरला, मागे नुसती राख राहिली.

शशांगद डगमगला. राणी धावली, दोन्ही हातांनी त्याला धरलं.

"आईसाहेब, सोडा," तो म्हणाला. "पडलो तर पडू द्या."

तिने एक बोट सोडलं, मग दुसरं, मग दोन्ही हात. तो दोन पावलं चालला आणि पडला. राणी जागची हलली नाही. मग तो उठला, राजगादीपर्यंत आपल्या पायांनी गेला.

त्या राज्यात अंजिराचं पाणी अजूनही वर्षातून एकदा तोडतात. ऐकलंत ते मनात ठेवा. आपापलं झाड आपापल्या वेळेने पिको.