पेंढ्याच्या टोपलीतले हुलगे

फार जुनी गोष्ट आहे. एका उघड्याबोडक्या माळावर एक गाव होतं. झाडं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे जळणाची कायम मारामार. म्हणून तिथली रांधायची रीतच वेगळी होती. रात्री भिजवलेले हुलगे सकाळी चुलीवर खळखळून उकळायचे आणि झाकलेलं मडकं तसंच पेंढ्याने भरलेल्या टोपलीत ठेवायचं. वरून घरातल्या प्रत्येकाचं एकेक जुनं कापड पांघरायचं आणि खुशाल कामाला जायचं. दुपारपर्यंत हुलगे आतल्या आत मऊ शिजत. फक्त मधे उघडायचं नाही.

त्या गावात सगुणा आणि भिवा हे जोडपं राहायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. सगुणेची विधवा बहीण तापाने गेली आणि बहिणीची लेक येसू मावशीकडे आली. पोर जेमतेम सहा वर्षांची. काखेत एक गाठोडं. ते तिने कधी सोडलं नाही आणि तोंडही उघडलं नाही. तिला पोहोचवायला आलेले काका जाताना म्हणाले, सुगी झाली की येतो. पोर रमली नसेल तर माझ्या घरी नेईन.

झालं! सगुणेच्या जिवाला घोर लागला. उठता-बसता ती विचारायची, भूक लागली का गं, मावशी आवडते ना, राहशील ना इथेच? ती जितकं विचारी, तितकी पोर कोपऱ्यात सरके. मायाच होती हो ती, पण मायेलाही कधी कधी दम धरवत नाही.

एके दिवशी तर तिने टोपलीलाही सोडलं नाही. आज तरी येसू पोटभर जेवावी, म्हणून सारखं झाकण काढून हुलगे चेपून पाहत राहिली. दुपारी ताटात पडले ते कच्चेच. पुन्हा चूल पेटवायला घरात काटकी नव्हती. सगुणा पदराने डोळे पुसत बसली.

भिवा ते कच्चे हुलगे चावत होता. तो म्हणाला, "अगं, सारखं उघडलंस, ऊब निघून गेली. पोरीचंही तू तेच करतेयस."

सगुणेला ते लागलं आणि पटलंही. त्या दिवसापासून तिने विचारणं सोडलं. वेळेवर वाढायची, वेणी घालायची, रात्री पांघरूण नीट करायची. प्रश्न ओठांवर आला की गिळून टाकायची. फार जड जायचं तिला.

सुगी सरली आणि एका सकाळी काका दारात उभे राहिले. सगुणेने त्यांना पाणी दिलं. लांबून चालून आलेल्या काकांना भूक लागली होती. समोर टोपली दिसली, तसा त्यांनी वरची कापडं सारायला हात घातला.

कोपऱ्यातून येसू उठली.

"काका, उघडू नका. आमचं जेवण शिजतंय."

मग तिने गाठोडं सोडलं. आत तिच्या आईचं जुनं लुगडं होतं. मावशीच्या आणि भिवाच्या कापडांवर तिने ते पांघरलं, चारी बाजूंनी नीट खोचलं आणि मावशीला चिकटून बसली.

काय समजायचं ते काका समजले. दुपारी मऊ हुलगे जेवले आणि आल्या वाटेने एकटेच परत गेले. सगुणेने तेव्हाही काही विचारलं नाही. पोरीला पोटाशी धरलं आणि मनसोक्त रडून घेतलं.

तेव्हा लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: मनापासून ऊब दिली, की मग सारखं झाकण काढून पाहू नये.