फुलाला दिलेली भर

एकदा एका हळदीच्या शेतकऱ्याने फुलझाड लावले. एवढे ऐकूनच ज्यांना हसू आले, त्यांनी शेतकऱ्यांच्या सहवासात दिवस काढले आहेत असे खुशाल समजावे. जन्मभर ज्याने जमिनीकडे पीक म्हणूनच पाहिले, तो उतारवयात शोभेचे झाड लावतो तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असते. ते तो सांगत मात्र नाही.

या गृहस्थांचे नाव आप्पासाहेब मगदूम. कृष्णाकाठी त्यांची पिढीजात हळदीची शेती होती. उरलेले दिवस थंड हवेत काढायचे असा पत्नीने हट्ट धरला, म्हणून त्यांनी घाटमाथ्यावरच्या एका लहानशा गावात दोन खोल्यांचे घर बांधले. घर पुरे झाले, आणि राहायला जायला महिना उरला असताना ती बाई गेली. शेत पुतण्याकडे देऊन झाले होते. आता तिथे एकटे जाऊन काय करणार, असे सगळ्यांनी विचारले. आप्पासाहेब म्हणाले, "ठरलंय ते ठरलंय," आणि एक ट्रंक, एक वळकटी घेऊन खरोखरच निघून गेले.

तिथे त्यांचे कोणी नव्हते. दुपारची एसटी आली की ते स्टँडवर जाऊन उभे राहत. उतरणारी माणसे पाहत आणि गाडी रिकामी झाली की परत येत. कोणी विचारलेच, तर पेपरचा गठ्ठा आला का ते पाहायला आलो, असे सांगत. पेपर सकाळच्या गाडीने येतो हे सगळ्या गावाला ठाऊक होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वचन त्यांना वडिलांकडून मिळाले होते आणि त्यांनी ते शेताहूनही जपले होते.

त्यांची एकुलती एक मुलगी पद्मजा दूर हिमालयाच्या पायथ्याशी एका निवासी शाळेत शिकवत असे. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येई आणि बोलणे बहुतेक ठरलेले असे.

"आप्पा, कसं चाललंय?"

"झकास."

"करमतंय का?"

"न करमायला काय झालंय?"

"सुट्टीत येऊ का मग?"

"कशाला तीन दिवस गाडीत हाडं मोडून घेतीस? मी काय आजारी हाय?"

मग ती हसे, प्रकृतीला जपा म्हणे आणि फोन ठेवी. आप्पासाहेब मात्र त्यानंतर बराच वेळ फोन हातात धरून बसून राहत. मुलगी यावी असे त्यांना फार वाटे. पण ये म्हणणे म्हणजे आपण एकटे पडलो असे कबूल करणे, आणि ते त्यांच्या जिभेवर येईना.

एके वर्षी पद्मजाने फडक्यात बांधून तीन प्रकारचे कंद पाठवले. आयरिस नावाच्या फुलाचे होते. रोपवाटिकेतली मोठमोठ्या झालरींची फुले तिने मुद्दाम टाळली होती. डोंगरात आपली आपण उगवणाऱ्या मूळ जाती तिने निवडल्या होत्या. प्रत्येक कंदाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. एकीवर लिहिले होते, "ओढ्याच्या काठावरची." दुसरीवर, "उंच कुरणातली, बर्फाखाली झोपणारी." तिसरीवर, "इथल्या मातीच्या घरांच्या छपरांवर उगवते. पांढरं फूल."

आप्पासाहेबांच्या भिंतीला भिंत लावून गोदाक्का नावाची एक वृद्धा राहत असे. तिने वयाची ऐंशी ओलांडली होती. उभा जन्म एका बंगल्याच्या बागेत माळीकाम करण्यात गेला होता आणि झाडांविषयी तिचा शब्द त्या गावात शेवटचा मानला जाई. आप्पासाहेब कंद घेऊन तिच्याकडे गेले आणि यातले कोणते लावू, असे त्यांनी विचारले. शेतकऱ्याने शिष्य व्हायचे म्हणजे एवढे वाकणे पुष्कळ झाले.

तिने तिन्ही चिठ्ठ्या त्यांच्याकडून वाचून घेतल्या. मग म्हणाली, "तुझ्या अंगणात वढा हाय का?"

"न्हाई."

"बर्फ पडतं?"

"न्हाई, आक्का."

"मग मला काय इचारतोस? जिला तुझं अंगण सोसंल ती निवड. तुला आवडंल ती न्हवं."

आप्पासाहेबांनी मान डोलावली, घरी आले आणि तिन्ही लावले. लेकीने पाठवलेले कसे टाकायचे? ओढ्याकाठची उन्हाळ्यात वाळून गेली. कुरणातली पावसाळ्यात कुजली. छपरावरची तेवढी जगली, आणि मग त्यांनी आपला सगळा जीव तिच्यावर लावला. मनात एक गोष्टही ठरवून टाकली. हिला फूल आले की पद्मजाला सांगायचे, "तुझं फूल फुललंय, बघायला ये." त्यात आपले एकटेपण सांगावे लागणार नव्हते. बोलावणे फुलाचे होणार होते.

फूल मात्र येईना. पहिले वर्ष गेले, दुसरे गेले, तिसरे गेले. तलवारीसारखी हिरवी पाने मात्र भरघोस वाढली. येणारे-जाणारे विचारीत, "वेखंड लावलंय व्हय?" आणि आप्पासाहेब "व्हय" म्हणून मोकळे होत. खरे सांगितले असते, तर लेकीचे नाव काढावे लागले असते, ती कुठे असते, कधी येते, हेही सांगावे लागले असते. एकदा एक बाई बाळाच्या खोकल्यासाठी वेखंडाचा तुकडा मागायला आली. तिला वाटेला लावताना त्यांची जी तारांबळ उडाली ती गोदाक्काने भिंतीपलीकडून ऐकली आणि पदर तोंडाला लावून हसली.

तिसऱ्या वर्षीचा पाऊस सरला, दसरा झाला, आणि आप्पासाहेब पुन्हा तिच्या दाराशी उभे राहिले. "आक्का, काय कमी पडतंय बघा की. खत घातलंय, पाणी घातलंय. सगळं केलंय."

गोदाक्का काठी टेकत आली. वाफा पाहिला. वीतभर उंचीचा, सुबक, दोन्ही बाजूंनी माती ओढून बांधलेला वरंबा होता. त्याला पाहून कुणाही हळदवाल्याचा ऊर भरून आला असता. हळदीला अशी माती चढवतात, तिला भर देणे म्हणतात. हळदीचा गड्डा उघडा पडला तर उन्हाने हिरवा पडतो आणि वाया जातो, म्हणून जाणता शेतकरी वेळेवर भर देतो. आप्पासाहेबांनी दर पावसाळ्यात न चुकता, हातांनी, बोटांनी दाबून दाबून भर दिली होती.

म्हातारीने खुरपे मागितले. आप्पासाहेबांना आधी वाटले, ती माती उकरून पाहील. तिने सगळा वरंबा मोडला. माती दोन्ही हातांनी बाजूला लोटली. गड्डा उपटला, मधला पोकळ झालेला जुना भाग तोडून फेकला, कडेचे ताजे कंद वेगळे केले, पाने अर्ध्यावर कापली आणि ते तुकडे जमिनीवर नुसते मांडल्यासारखे ठेवले. मुळे तेवढी मातीत गेली. कंदांच्या पाठी उघड्याच राहिल्या, भर उन्हात.

"आक्का, हे काय केलंत," आप्पासाहेब कळवळून म्हणाले. "तीन वर्सं जपलंय मी."

"पाणी घालू नगंस," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुपारी ऊन चढले तसे आप्पासाहेबांना राहवेना. त्यांनी एक गोणपाट ओले करून कंदांवर अंथरले. संध्याकाळी गोदाक्का आली, तिने गोणपाट उचलले, घडी केली, काखेत मारले आणि एक अक्षर न बोलता आपल्या घरी नेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रा आडवा लावला. तोही गेला. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे झाकायला काही उरले नाही. खरोखरच त्या दिवशी त्यांना रडू आले. फूल येणार नव्हते, म्हणजे मुलीला बोलावणे जाणार नव्हते, आणि सारे या हट्टी म्हातारीमुळे.

ते तावातावाने तिच्या घरी गेले. "माझं गोणपाट द्या."

"बस," गोदाक्का म्हणाली. तिने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "हळदीला भर दिलीस ते बरोबर. हळदीचं सोनं मातीतच असतं, तिचं फूल कुणी इचारत न्हाई. पर या झाडाच्या कांद्याला पाठीवर ऊन लागल्याबिगर आत फूल धरत न्हाई. तू माया केलीस, पर हळदीची माया हिला केलीस. पोरीनं चिठ्ठीत लिवलं हुतं, छपरावर उगवती. छपरावर माती किती असती रं?"

आप्पासाहेबांनी हाताची बोटे जुळवून पाहिली. मग हळूच म्हणाले, "चार बोटं."

"ते वाचून तू वीतभर घातलीस."

"उघडं पडलं की नासतं, आक्का. आम्ही असंच शिकलो."

"हळद नासती. सगळंच न्हाई नासत." म्हातारीने तांब्या त्यांच्याकडे सरकवला. "भिंत पातळ हाय, आप्पा. दर आयतवारी तुझं झकास मला हितं ऐकू येतं. तिथं बी भरच घालतोस तू. माझा लेक मुंबैला गेला तवा मी बी त्याला असंच सांगायची. मी मजेत हाय, तू तुझं बघ. तीन-चार वर्सं सांगितलं." तिने पदराने ओठ पुसले. "त्याला खरं वाटलं. बारा वर्सं झाली, आला न्हाई. पोरगा वाईट न्हाई. मीच सांगितलं हुतं त्याला."

गोणपाट कोपऱ्यात घडी घालून ठेवलेले होते. आप्पासाहेबांनी ते पाहिले, आणि न मागता उठून घरी आले.

पुढचा रविवार आला. फोन वाजला. पद्मजाने कसं चाललंय विचारले आणि आप्पासाहेबांनी सवयीने "झकास" म्हणून टाकले. जन्माची खोड एका बैठकीत जात नसते. मग तिने नेहमीचा दुसरा प्रश्न विचारला.

"करमतंय का?"

उत्तर ओठांवर तयार होते. आप्पासाहेबांनी ते गिळले. फोन त्यांनी दुसऱ्या कानाला लावला.

"आप्पा?"

"न्हाई करमत, पद्मे," ते म्हणाले. "तुझी आई गेल्यापासनं एक दिस करमलं न्हाई."

पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन कट झाला असे वाटून त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला, पुन्हा कानाला लावला. तेव्हा पद्मजा रडते आहे हे त्यांच्या ध्यानात आले.

"मलाबी न्हाई करमत हितं, आप्पा," ती म्हणाली. "एक दिस न्हाई. तुम्ही तिकडं झकास हाय म्हणायचा, मग मी कुठल्या तोंडानं सांगणार?"

वडील जे झाकत होते, तेच मुलगी झाकत होती. इतकी वर्षे दोघे एकमेकांना सुखी समजत होते आणि म्हणून एकमेकांपासून दूर राहत होते. त्या संध्याकाळी ते किती वेळ बोलले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. भिंतीपलीकडे गोदाक्काने मात्र आपल्या दाराची कडी लावून घेतली. जे ऐकायचे ते तिने ऐकले होते.

पद्मजा मे महिन्यात आली. आयरिसला त्या वर्षी फूल आले नव्हते. तोडलेल्या कंदाला जमिनीत बस्तान बसवायला एखादे वर्ष द्यावे लागते आणि त्यात कोणाची घाई चालत नाही. तिने उघड्या पाठीचे कंद पाहिले, बोटाने चाचपले, आणि वडिलांनी तीन वर्षे भर कशी दिली ते ऐकून पोट धरून हसली. पंचवीस दिवस राहिली. नोकरी सोडून येणे तिला शक्य नव्हते आणि घर सोडून जाणे त्यांना. शाळा उघडायच्या वेळी ती परत गेली.

तिला निरोप देऊन आप्पासाहेब परतले तेव्हा गोदाक्का पायरीवर बसली होती. त्यांचे डोळे लाल झाले होते, गाल ओले होते. डोळ्यांत धूळ गेली असे ते म्हणाले नाहीत.

"गेली?" तिने विचारले.

"गेली. आता लई जड जाणार बघा, आक्का."

"जाणार," ती म्हणाली, आणि त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून पायरीवर थोडी सरकली.