सुगरणीची चौथी आवृत्ती

साग आणि मोहाच्या एका दाट जंगलात, ओढ्यावर वाकलेल्या बाभळीच्या फांदीवर, एका सुगरणीचे घरटे होते. मुलांनो, घरटे तर सगळ्याच सुगरणी विणतात. पण या सुगरणीने जंगलातल्या स्मार्टफोनची ऑपरेटिंग सिस्टीम विणली होती. फोन म्हणजे नुसती पेटी. नाक किंवा पंजा लावला की काय उघडायचे, कोणाचा निरोप आधी दाखवायचा, घंटा कधी वाजवायची, हे आतून ठरवते ती ऑपरेटिंग सिस्टीम. सुगरण ती काडी काडी जोडून तयार करी, चुकले की उसवी आणि पुन्हा विणी.

प्रत्येक आवृत्तीला ती रानातल्या फळाचे नाव देई. पहिली 'आवळा'. तिच्यात नुसते निरोप जात-येत, आणि तेही अडकत. फोन दोनदा झटकला की मग पुढे सरकत. दुसरी 'उंबर'. तिच्यात पाणवठ्यांचा नकाशा उघडा ठेवूनही निरोप वाचता येऊ लागला. तिसरी 'करवंद'. तिच्यात एखाद्या खेळाच्या अ‍ॅपने सशाच्या बिळाचा पत्ता मागितला, तर फोन आधी सशाला विचारू लागला, "देऊ का?" सशाने "नको" म्हटले की विषय तिथेच संपे. या आवृत्तीवर सारे जंगल खूश होते.

त्याच ओढ्याकाठी एक वानर आणि एक ठिपक्यांची हरिणी यांचा जुना शेजार होता. वानर सागाच्या शेंड्यावर बसे. त्याला लांबचे दिसे. वाघ दिसला की तो 'खक्‌ खक्‌' असा ओरडे, आणि खाली चरणारी हरिणी सावध होई. फोन आल्यापासून मात्र वानर ओरडेनासा झाला. "बसल्या जागी निरोप जातो, तर घसा कशाला फोडायचा?" असे तो म्हणे. शिवाय फोनवरची धोक्याची घंटा सगळ्यांत मोठी वाजते, हे त्याच्या लक्षात आले होते. मग वाघ दिसला तरी तीच घंटा, आणि मोहाची फुले गळली तरी तीच.

एकदा हरिणी वैतागून झाडाखाली आली. "वानरदादा, तुमच्या मावशीची दाढ दुखते, हे कळून मी काय करू? जरा पाडसाला पाजू द्या की!"

"अहो ताई, मावशी सगळ्यांची विचारपूस करते. म्हटलं, तिचीही कुणीतरी करावी."

"मग साधा निरोप पाठवा ना! वाघाची घंटा वाजवून दाढ कसली कळवता?"

"साधा निरोप तुम्ही वाचता कुठे?" वानर हसून म्हणाला.

हे मात्र खरे होते. पण त्या दिवसापासून हरिणी वानराचा कोणताच निरोप वाचेना. घंटा वाजली की नाकाने बाजूला सारायची आणि पुन्हा चरू लागायची.

अशा तक्रारी सुगरणीच्या कानावर येत होत्या. तिने तीन महिने खपून चौथी आवृत्ती काढली, 'चिंच'. सगळ्यांना बाभळीखाली बोलावून ती म्हणाली, "आता फोनला काही सांगावं लागणार नाही. तो तुमच्याकडे बघून आपला आपण शिकेल. तुम्ही जे रोज बाजूला सारता, त्याची घंटा तो वाजवणारच नाही. गुपचूप एका कोपऱ्यात ठेवून देईल."

"म्हणजे फोन काय, माझा आरसाच झाला की!" मोर पिसे झटकत म्हणाला, आणि सगळे हसले.

हरिणीने पहिल्याच दिवशी ती आवृत्ती घेतली. थोड्याच दिवसांत ओढ्याकाठी शांतता झाली. "सुगरणताई, इतकं निवांत मला आईच्या पोटातसुद्धा नव्हतं!" ती म्हणाली. सुगरणीला धन्य वाटले. इकडे वानर पूर्वीसारखेच निरोप पाठवत होता. त्याच्या फोनवर प्रत्येक निरोपाखाली 'पोहोचला' असे उमटत असे, त्यामुळे त्यालाही काही वावगे वाटले नाही.

एके दिवशी, ऊन कलत असताना, हरिणीने आपले बारा दिवसांचे पाडस ओढ्याकाठच्या उंच गवतात निजवले आणि ती वीस पावलांवर चरू लागली. वारा तिच्याकडून गवताकडे वाहत होता, त्यामुळे तिला कसलाच वास आला नाही. वानराला मात्र शेंड्यावरून गवतात पिवळे-काळे पट्टे सरकताना दिसले. त्याने लगेच निरोप पाठवला. 'पोहोचला' असे उमटले. "आता उचलेल मान," असे म्हणत तो पाहत राहिला. हरिणी चरतच होती. त्याने पुन्हा निरोप पाठवला. पुन्हा 'पोहोचला'. तिसरा. पट्टे पाडसाच्या दिशेने वळले. चौथा, पाचवा, सहावा. सातव्या निरोपानंतर वानराने फोन फेकून दिला आणि ओरडण्यासाठी तोंड उघडले. दोन वर्षे न ओरडलेल्या घशातून नुसती घरघर निघाली. त्याने जीव खाऊन पुन्हा जोर केला, तेव्हा कुठे 'खक्‌' असा आवाज फुटला. हरिणीने दचकून उडी मारली. तोवर गवत एकदाच जोरात हलले आणि स्थिर झाले.

वाघ पाडसाला घेऊन गेला होता.

हरिणी सागाखाली आली. "वानरदादा, दाढ कळवलीत, फुलं कळवलीत. आजच गप्प बसलात?"

वानर सरसर खाली उतरला. "ताई, सात वेळा कळवलं! सातही निरोप पोहोचले, असं दिसलं मला."

"एकही घंटा वाजली नाही. पाडसाची शपथ!"

दोघे धावत बाभळीखाली आले. सगळे ऐकून सुगरण म्हणाली, "फोन बिघडला असणार. दाखव इकडे." तिने घंटा वाजवून पाहिली, ती खणखणीत वाजली. बॅटरी पाहिली, भरलेली होती. आतली वीण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली. कुठेच टाका सुटला नव्हता. "फोन तर धडधाकट आहे," ती चक्रावून पुटपुटली. मग तिने तो कोपरा उघडला. सातही निरोप तिथे ओळीने ठेवलेले होते. त्यांच्यावर फोनने कारणही लिहून ठेवले होते : 'मालकिणीने या वानराचे मागचे एकशे चौऱ्याण्णव निरोप न वाचता सारले. म्हणून घंटा वाजवली नाही.'

सुगरणीच्या चोचीतली काडी खाली पडली.

"म्हणजे त्यानं चूक केलीच नाही," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी शिकवलं तेच केलं. काय गाळायचं ते ओळखायला मी त्याला शिकवलं. काय कधीच गाळायचं नाही, ते सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं."

"आणि मी दाढेला आणि वाघाला एकच घंटा वाजवत आलो," वानर म्हणाला आणि त्याने तोंड फिरवले.

हरिणीने दोघांनाही दोष दिला नाही. तिने फोन पुढ्यात ओढला आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा वानराचे निरोप एकेक करून वाचले. 'ताई, वाघ.' 'ताई, ओढ्याच्या अलीकडे आला.' 'वारा उलटा आहे, तुम्हाला वास यायचा नाही.' 'पाडसाकडे वळला.' 'ताई, धावा.' 'ताई.' मग तिने शेवटचा निरोप उघडला. त्यात लिहिले होते, 'ताई, मान वर करा.'

तिने मान वर केली. समोर ओढ्याकाठचे गवत होते. पाडसाच्या अंगाखाली दबलेली तेवढीच जागा अजून सपाट होती.

तात्पर्य : आपल्याकडे बघून शिकणारे यंत्र आपला कंटाळाही शिकते, म्हणून धोक्याची हाक क्षुल्लक कामासाठी मारू नये, आणि ती ऐकायची की नाही हे ठरवण्याचे काम यंत्रावर सोडू नये.