फुली पडलेली कासवी

एका जंगलाच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे ओढा दमतो आणि डबके होऊन बसतो, तिथे एक कासवी राहत असे. बालमित्रांनो, कासवी आपल्या पिलांना चारा भरवत नाही. ती त्यांना नुसत्या नजरेने वाढवते, असे म्हणतात. या कासवीने डबक्याच्या काठी नऊ अंडी पुरली होती आणि दिवसातून कितीतरी वेळा ती पाण्यातून मान वर काढून त्या जागेकडे पाहत असे.

त्या वर्षी थंडी पडली तेव्हा तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. ती सगळ्यांकडे पाहत होती, पण तिच्याकडे कोणीच पाहत नव्हते. रोज पाण्यावर येणारे हरिण ती दिसताच मान फिरवी. ती जवळ गेली की बेडकांच्या गप्पा मध्येच तुटत. एकदा तिने बगळ्याला विचारले, "काय हो, यंदा मासे कसे आहेत?" बगळ्याने एक पाय वर घेतला, डोळे मिटले आणि तो काहीतरी पुटपुटू लागला. तिने कान देऊन ऐकले. तो आकडे मोजत होता. अंधाऱ्या खोलीतून जाताना आपण मोजतो ना, तसे.

कासवीला वाटले, आपले काही चुकले असेल. तिने कोणाला विचारले नाही.

शेवटी टिटवी बोलली. टिटवी उघड्या माळावर खडीत अंडी घालते. तिला ना घरटे, ना ढोली. ती काठावर तुरुतुरु आली आणि म्हणाली, "मावशी, रागावू नका. पण तुम्ही मेलात."

"काय बोलतेस गं हे?"

"मी नाही म्हणत. मोहाच्या झाडावर आहे तसं. तुमच्या रेघेवर साळींदरानं फुली मारलीय. मी स्वतः पाहून आले."

ही रेघ काय ते आधी सांगते. त्या जंगलात पाऊस संपला की ओढ्याच्या फाट्यावर दगड लावत. दगड एका बाजूला लावले तर पाणी वरच्या डोहात साचे, दुसऱ्या बाजूला लावले तर खालच्या डबक्यापर्यंत वाहत येई. कोणत्या बाजूला लावायचे हे सगळे प्राणी मिळून ठरवत. त्यासाठी मोहाच्या झाडाखाली ओल्या चिकणमातीचा ओटा केलेला होता. ज्याला पाणी खाली सोडायचे असेल त्याने ओट्याच्या उजव्या अंगाला पायाचा ठसा उमटवायचा, ज्याला वर अडवायचे असेल त्याने डाव्या. पण ठसा उमटवायला खोडावर आपल्या नावाची रेघ हवी. रेघा ओढायचे काम साळींदराचे. दर वैशाखात तो जंगलभर फिरून प्रत्येकाच्या दाराशी तीन हाका मारी. ओ आली तर रेघ राही, नाही आली तर फुली पडे. आणि फुली पडलेला कोणी दिसलाच, तर ते त्याचे भूत समजावे, त्याच्याशी बोलू नये, नाहीतर ते मागे लागते, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती.

"मग तू कशी बोलतेस माझ्याशी?" कासवीने विचारले.

"मला मुळात रेघच नाही," टिटवी म्हणाली. "ज्याला दार नाही त्याच्या दाराशी हाक कशी मारणार, म्हणतो साळींदर. आमच्या धामणीलाही नाही. तिला पाय नाहीत, ठसा कशाचा घेणार? तेव्हा आम्हांला कसली आलीय भुताची भीती! पण मावशी, निवड परवा आहे. यंदा कोल्होबा पाणी वर अडवायला निघालेत. सगळं पाणी एका जागी आलं की सगळं जंगल तिथंच पाण्याला येणार. मग कोल्होबांना शिकारीला हिंडायला नको. बसल्या जागी ताट!"

कासवीने काठाकडे पाहिले. पाणी आले नाही तर पौषातच डबक्याचा तळ फुटेल, आणि अंड्यांतून बाहेर येणारी पिले तापलेल्या भेगांवर पडतील. तिने डोके आत घेतले, मग बाहेर काढून ती म्हणाली, "परवा ना? मग आत्ताच निघायला हवं."

दोन दिवस ती चालली. धुके इतके दाट होते की आपलेच पुढचे पाय तिला पांढऱ्या पाण्यात बुडाल्यासारखे दिसत. वाटेत सशांचे एक कुटुंब समोरून आले. एक पिल्लू म्हणाले, "आई, ती बघ कास..." आईने पंजाने त्याचे तोंड दाबले आणि सगळे वाट सोडून काट्यांतून गेले. पुढे एका डबऱ्याशी ती पाणी प्यायला वाकली. पाण्यावर धुके बसलेले होते. तिने खूप वेळ पाहिले, पण पाण्यात तिचे तोंड काही दिसेना.

"टिटवे," ती हळूच म्हणाली, "मी खरंच आहे ना गं?"

"चिमटा काढू का?"

"कवचाला काय कळणार चिमटा!"

तरी टिटवीने तिच्या मानेला चोच मारली. कासवी कळवळली आणि मग तिला जरा बरे वाटले.

मोहाच्या झाडाच्या थोडे अलीकडे करवंदीची जाळी होती. जाळीत लांडग्याची हाडे पडलेली होती. लांडगा दोन पावसाळ्यांपूर्वीच मेला, हे कासवीला ठाऊक होते, कारण दरवर्षी ती याच सावलीत विसावा घेई. यंदाही ती थांबली. हाडांवर दव साचले होते. तिने सहज पाहिले आणि तिची नजर अडकली. तीन पायांना पंजे होते. पुढच्या उजव्या पायाला पंजा नव्हता.

ओट्याशी ती पोहोचली तेव्हा सकाळ वर आली होती, पण ऊन नव्हते. धुक्यात प्राणी रांगेने उभे होते. ती रांगेत शिरली तशी तिच्या पुढची जागा रिकामी झाली, मागचीही झाली. कोणी ओरडले नाही, पळाले नाही. सगळे फक्त दुसरीकडे पाहू लागले. साळींदर खोडाशी बसला होता. ती त्याच्यापुढे जाऊन म्हणाली, "साळींदरभाऊ, कासवी. खालचं डबकं."

साळींदराच्या पाठीवरचे काटे खडखडले. तो तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहत म्हणाला, "पुढचा कोण आहे?"

"मीच आहे पुढची."

"पुढचा कोण आहे?" त्याने पुन्हा विचारले.

कासवी ओट्यापाशीच घुटमळली. ती तशी बोलकी नव्हतीच. ती बाजूला झाली आणि ओट्याच्या मागे, मुळांच्या बेचक्यात जाऊन बसली. तिथून ओट्याचे डावे अंग दिसत होते. हरणाचे खूर, रानडुकराचे खूर, मुंगसाची नखे. आणि कडेला एक मोठा ठसा. तीन बोटे पूर्ण, चौथे तुटके. असे बोट जंगलात एकट्या लांडग्याचेच होते. ठसा ओला होता. त्याच्या कडांवरून पाणी अजून ओघळत होते.

कासवी मुळांत आणखी आत सरकली. आपण भूत म्हणून येऊन बसलो, आता तोही येऊन बसणार की काय?

तेवढ्यात जवळचा पाचोळा सळसळला. कोल्हा आला होता. त्याच्या तोंडात काहीतरी काळे, वाळलेले होते. ते त्याने पानांखाली सारले आणि मान वळवली. रेघ असलेल्या प्राण्यांत त्याने एकट्यानेच कासवीच्या डोळ्यांत सरळ पाहिले.

"आलात कासवीबाई? दमला असाल."

"तो लांडग्याचा पंजा आहे," कासवी म्हणाली.

"आहे ना. लांडगेदादांची रेघ अजून सरळ आहे. त्यांच्या गुहेपुढे हाक मारायची साळींदराची छाती होते का? तेव्हा ते जिवंत. धुक्यात आले, ठसा देऊन गेले. जवळ जाऊन बघतंय कोण!"

"मी सांगेन सगळ्यांना."

कोल्हा अगदी मायेने हसला. "सांगा की. मेलेल्यांचं बोलणं कोणी ऐकत नाही, कासवीबाई." आणि तो शेपटी हलवत रांगेपुढे मिरवायला निघून गेला.

कासवी बसून राहिली. तिला काठ आठवला. मग तिने पाने बाजूला केली, डोळे मिटले आणि तो वाळका पंजा जबड्यात घट्ट धरला. त्याला मातीचा आणि जुन्या हाडाचा वास येत होता. ती निघाली. सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे तिच्यावरून नजर काढून घेतली होती. त्यामुळे धुक्यात त्यांना कासवी दिसलीच नाही. दिसला तो जमिनीलगत एकटाच चालत येणारा लांडग्याचा पंजा.

"अगं आई गं!" रानडुक्कर किंचाळले. "पंजा चालतोय! नुसता पंजा!"

रांग फुटली. हरणे एकमेकांवर आदळली. साळींदर गोळा होऊन बसला. फक्त म्हातारी सांबरीण जागची हलली नाही. ठसे मोजायचे काम तिचे होते आणि तिला लांबचे नीट दिसत नसे, म्हणून ती कशालाच लवकर घाबरत नसे. ती खाली वाकली.

"पंजा कुठला चालतोय! कासवी घेऊन येतेय त्याला," ती म्हणाली.

कासवीने पंजा ओट्यावर त्या ओल्या ठशात ठेवला. तुटके बोट तुटक्या बोटात बसले.

"भूत आहे ते!" कोल्हा ओरडला. "बोलू नका, मागे लागेल!"

आता कासवीला बोलावेच लागले. तिचा आवाज बारीक होता, पण सगळे इतके गप्प होते की तो शेवटपर्यंत गेला. "मी भूत असेन तर हा लांडगाही मेलेलाच आहे. त्याचा ठसा चालतो, तर माझाही चालला पाहिजे. आणि मी जिवंत असेन तर प्रश्नच मिटला."

सांबरीण साळींदराकडे वळली. "काय रे बाबा, हिच्यावर फुली कशी पडली?"

"मी तीन हाका मारल्या होत्या," साळींदर गोळ्यातूनच म्हणाला. "ओ आली नाही."

"केव्हा मारल्यास?"

"वैशाखात. वैशाखातच मारतात."

"वैशाखात मी चिखलाखाली झोपलेली असते, साळींदरभाऊ," कासवी म्हणाली. "माझी आईही झोपायची. आम्ही उन्हाळ्यात ओ देत नाही. पण तरी तुमचा आवाज जवळून आला असता तर एखादवेळी जाग आली असती. कुठून मारल्यात हाका?"

साळींदर गोळ्यातून थोडा उलगडला. "वरच्या वाटेवरून," तो शेवटी म्हणाला. "यंदा खाली चिखल होता. काटे भरतात."

टिटवी फांदीखालून हसली. "काटे भरतात म्हणे! आणि इथं मावशी वर्षभर मेल्या!"

सांबरिणीने खुराने लांडग्याचा ठसा पुसला. मग ती ओट्यापासून दोन पावले मागे सरकली आणि कासवीला वाट दिली. कासवीने उजव्या अंगाला पाय टेकला. ठसा लहान होता, नखांच्या चार रेषा आणि मध्ये एक खळगा. संध्याकाळी मोजणी झाली तेव्हा दोन्ही अंगांचे ठसे सारखे भरले आणि उजवीकडे तेवढा एक लहानसा जास्त निघाला. दगड वरच्या डोहाच्या तोंडाशी लागले. रात्र पडायच्या आत ओढ्याचे पाणी खाली निघाले.

कोल्ह्याला कोणी मारले नाही, हाकलले नाही. पण त्या दिवसानंतर तो कुठेही गेला की हरणे मान फिरवीत, बेडकांच्या गप्पा मध्येच तुटत आणि बगळा डोळे मिटून आकडे मोजू लागे.

टिटवीची रेघ माळाच्या नावाने ओढली गेली. धामणीने ठशाऐवजी ओल्या मातीवर आपल्या पोटाची एक वळी उमटवली. माघात डबक्याच्या काठी नऊतली सात पिले बाहेर आली आणि पाण्यात उतरली.

पुढच्या वैशाखात डबके आटले आणि चिखल वाळून कडक झाला. वरच्या वाटेवर साळींदर आला. तो तिथे थांबला, त्याने खाली पाहिले, मग सावकाश उतरून चिखलाच्या मधोमध गेला. त्याने हाक मारली नाही. तो आडवा झाला आणि त्याने जमिनीला कान लावला. काठावर वारा नव्हता, पक्षी नव्हता. खूप वेळ काहीच ऐकू आले नाही. त्याचे काटे खडखडू लागले. तरी तो उठला नाही.

मग खोल खालून, अगदी हळू, एक ठोका आला. बऱ्याच वेळाने दुसरा.

"आहे," साळींदर स्वतःशीच म्हणाला आणि अंगाला लागलेली माती तशीच घेऊन झाडाकडे निघाला.

तात्पर्य : हाकेला ओ आली नाही म्हणून कोणी मेलेले नसते, हाक मारणाऱ्याने दारापर्यंत जावे. कारण जिथे जिवंतांच्या नावावर फुल्या पडतात, तिथे मेलेल्यांचे पंजे उमटू लागतात.