कोंडाईचं घर

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनीही जरा जवळ सरकून ऐकावी.

त्या राजानं एका ओसाड माळावर तळं बांधलं आणि दवंडी पिटवली, "ज्याला राहायला ठिकाण नाही, त्यानं इथं यावं."

लोक आले. आधी विणकर साळी आले. आजा, चुलते, पुतणे, सुना, सगळे एकाच रक्ताचे. मग कुंभार आले. त्यांचं आपसांत नातं नव्हतं, पण चाक सगळ्यांच्या हाती होतं. दुष्काळानं पोळलेल्या एका खोऱ्यातून धनगर आले. त्यांची बोली निराळी, ती त्यांची त्यांनाच कळे. शेवटी एका बुवांच्या मागून भजनी मंडळी आली. त्यांच्यात कुणी सुतार, कुणी माळी, कुणी शिंपी. पण देव सगळ्यांचा एक.

माळावर चार आळ्या झाल्या.

या माळाच्या खाली पूर्वी एक वस्ती होती. पाण्यावरून डोकी फुटली आणि ती उठली. राजाला त्याची आठवण होती. म्हणून त्यानं सांगितलं, "तीन वर्षं मुदत देतो. माझे अमात्य येऊन बघतील. तुमचं एक गाव झालं असेल तर तळं कायमचं तुमचं. नसेल तर पाणी खालच्या शेतांकडे वळवीन. मग तुम्ही आपापली वाट धरा."

लोकांनी कंबर कसली. दगडी वेस उभारली. चावडी बांधली. तळ्याला चार घाट केले, प्रत्येक आळीला एक. एकाच्या घाटावर दुसऱ्यानं घागर बुडवली तर कुरबूर व्हायची.

पहिल्या वर्षीच अमात्य एकदा सहज डोकावून गेले. म्हातारे होते, पण नजर तीक्ष्ण होती. त्यांनी वेस पाहिली, चावडी पाहिली, छान म्हणाले. मग कुंभारांच्या हैबतीला त्यांनी विचारलं, "शेजारच्या साळी आळीत आज कोण आजारी आहे?"

हैबती कुंभार आळीतला कर्ता माणूस. तो म्हणाला, "ते आम्हांला कसं ठाऊक असणार, महाराज? दुसऱ्याच्या आळीत डोकावणं बरं नव्हे."

अमात्यांनी मान हलवली आणि ते घोड्यावर बसून निघून गेले.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर एक म्हातारी वेशीतून आत आली. तिचं नाव कोंडाई. नदीच्या पुरात तिचं गाव वाहून गेलं होतं, लेक वाहून गेली होती. ती कुणाच्या रक्ताची नव्हती. हातात कसब नव्हतं. बोली वेगळी, देवही वेगळा. कुठल्या आळीनं तिला ठेवून घ्यावं? सगळे एकमेकांकडे बोट दाखवू लागले. शेवटी चारही आळ्यांच्या बाहेर, तळ्याच्या बांधाशी तिला एक खोपटं बांधून दिलं.

वर्षभर ती तिथं राहिली. मग हळूहळू तिला विसर पडू लागला. आपलं घर कोणतं, हेच तिला आठवेना.

एका सकाळी साळी आळीतली गोजरा मागावर ताणा लावून आत आली, तर चुलीपुढं कोंडाई. ऐटीत बसून वांगी चिरत होती.

"आजी, हे तुमचं घर नव्हे," गोजरा म्हणाली.

"मग कुणाचं गं, सरू? चूल तर माझीच आहे की. आणि मीठ कुठं ठेवलंस?"

सरू म्हणजे तिची वाहून गेलेली लेक. गोजरानं मिठाचं मडकं पुढं सरकवलं.

दुपारी म्हातारी हैबतीच्या अंगणात हजर. "माती नीट तुडव रे, खडे राहिलेत!" हैबती चिडला. पण त्यानं खाली पाहिलं, तर माती खरोखरच खड्यांची होती. बायकोनं त्याच्याकडे बघून तोंडाला पदर लावला.

असं रोजच होऊ लागलं. धनगरांच्या वाड्यात जाऊन ती कोकरांना नावं ठेवी. भजनाला बसली की मध्येच अंगाई म्हणे. आधी बुवा थांबत, मग थांबेनासे झाले.

प्रत्येक घरी ती म्हणायची, "भूक लागली गं." आणि प्रत्येक घरी तिला वाढलं जायचं. दोन महिन्यांत तिचं पोट बिघडलं. ती तापानं फणफणली. तेव्हा गोजरा पहिल्यांदा कुंभार आळीत गेली.

"हैबतीदादा, काल आजी तुमच्याकडे जेवली का?"

"जेवली. दोन भाकरी."

"अहो, आमच्याकडेही जेवली होती!"

धनगरांच्या म्हाळूला विचारलं, तर तिथंही ताकभात झालेला. तिघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग हसत सुटले. गोजरानं तोड काढली. जी कुणी म्हातारीला जेवू घालील, तिनं आजीच्या मनगटाला लाल धागा बांधायचा. धागा दिसला की दुसऱ्यांनी वाढायचं नाही; पुढच्या जेवणाच्या वेळी तो सोडायचा. ती बरी होईपर्यंत बुवांनी काढा दिला आणि म्हाळूनं शेळीचं दूध.

म्हातारीची चौकशी करायला माणसं या आळीतून त्या आळीत जाऊ लागली. गेल्यावर नुसतं "जेवली का?" एवढंच विचारून कोण परततं? कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा माग मोडलाय, कुणाची भट्टी फसली, सगळं कळू लागलं. कळल्यावर गप्प बसवेना. सुतार माग जोडून देऊ लागला. कोण कुणाच्या घाटावर पाणी भरतं, याकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही.

तिसरं वर्ष सरलं. थंडीचे दिवस होते. त्या दिवशी पहाटेपासून माळावर दाट धुकं उतरलं होतं. उजाडलं तशी हाक उठली, "आजी कुठंच नाही!"

आणि नेमके त्याच सकाळी अमात्य आले.

वेस सताड उघडी. घरं उघडी. मागांवर धागे तसेच, चाकांवर माती ओली, आणि माणूस एकही नाही. फक्त चावडीत एक गरोदर पोर बसली होती. तिच्याभोवती दहा-बारा तान्ही मुलं झोळ्यांत टांगलेली होती.

"पोरी, लोक कुठं गेले?"

"आमची आजी हरवलीय, बाबा. सगळे शोधायला गेलेत. तळ्याच्या बाजूनं गेली असली तर..."

"कुणाची आजी? साळ्यांची की कुंभारांची?"

पोर गोंधळली. "असं नाही सांगता यायचं. आमचीच आहे."

अमात्यांनी घोडा वेशीला बांधला, काठी घेतली आणि तेही हाका मारत धुक्यात शिरले.

कोंडाई दुपारी सापडली. माळाच्या टोकाशी असलेल्या खिंडीपलीकडच्या झुडपांत पाय मुरगळून बसली होती. म्हाळूनं घोंगडी पसरली, चार आळ्यांच्या चौघांनी चार टोकं धरली आणि तिला उचललं. गोजरा रडत होती. हैबती नाक पुसत आजीला रागावत होता. एवढी गर्दी बघून म्हातारीनं विचारलं, "लग्न कुणाचं आहे रे?"

सगळे रडता रडता हसले.

अमात्य तिच्याजवळ वाकले. "बाई, तुमचं गाव कोणतं?"

कोंडाईनं पुष्कळ विचार केला. नाव आठवेना. मग तिनं भोवतालच्या तोंडांवरून नजर फिरवली आणि ती म्हणाली, "ही सगळी जिथली असतील ना, तिथलीच मी."

अमात्य सरळ उभे राहिले. मग लोकांकडे वळून म्हणाले, "माणसं रक्तानं एकत्र येतात, कामानं येतात, बोलीनं येतात, देवानं येतात. ते सगळं चांगलंच आहे, तुमच्या आळ्या सुखानं राहोत. पण या माउलीशी तुमचं यातलं एकही नातं नव्हतं. राजाला मी एवढंच सांगेन, की मी गाव पाहिलं."

महिन्याभरात राजाची सनद आली. तळं कायमचं गावाचं झालं.

कोंडाई त्यानंतर चार वर्षं जगली. आपलं घर कोणतं, हे तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. कुणी आठवण करून देण्याच्या भानगडीतही पडलं नाही. भूक लागली की ती समोरच्या दारात शिरे, आणि आत कुणीतरी पाट मांडी.

म्हणून सांगतो, सारख्यांना सारखे भेटले की आळी होते. ज्याचं कुणी नाही त्याला सगळ्यांनी आपलं म्हटलं, की गाव होतं.