नावाचा रकाना

खरं तर हे सांगायचं नव्हतं. विहारात आसऱ्याला आलेल्या बायकांविषयी बाहेर बोलायचं नाही, असा आर्याजींचा नियम आहे. त्या इथल्या भिक्खुणी. पण सुगतदादांची फजिती मी डोळ्यांनी पाहिली.

"आणि नवऱ्याला कळलं तर?" आर्याजी विचारत होत्या.

"कळणारच नाही." सुगतदादा हसले. लहानपणी ते आर्याजींच्याच धम्मवर्गात होते, आता पुण्यात मोठे इंजिनिअर आहेत. "दाखला ताईंच्या मोबाइलमध्ये राहील. नागपूरच्या वसतिगृहाला एवढंच दिसेल, की विहार यांची खात्री देतो. नाव नाही, गाव नाही. त्यांनाही तेवढंच पुरतं."

अकरा दिवसांपूर्वी आसऱ्याला आलेल्या ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवरा त्यांना वसतिगृहं पालथी घालत शोधत होता. दाखला असेल तरच उद्या खोली मिळणार होती.

"बाकीची माहिती कुठं राहते?"

"तिचे तुकडे करायचे, कुलूप लावायचं, वीस ठिकाणच्या संगणकांत ठेवायचे. एखादा तुकडा चोरलाच, तर चोराच्या हाती भुसा!"

"हुशार आहेस."

दादा खुलले. लॅपटॉप पुढे ओढला. "सांगा ताई, पूर्ण नाव."

ताईंनी पदर मुठीत धरला...

"अहो, घाबरता काय? कुणालाच दिसणार नाही ते."

"कुणालाच?" आर्याजींनी विचारलं.

"मलासुद्धा नाही!"

"मग घेतोस कशाला?"

दादांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"रकाना आहे ना, आर्याजी. सगळ्याच अर्जांत असतो."

"हा कुणी केला?"

"...मीच."

मग दादांनी रकाना काढून टाकला.

"आता खात्री देणाऱ्याचा अंगठा."

आर्याजींनी अंगठा टेकवला. ताईंच्या मोबाइलवर हिरवी खूण उमटली.

दादा मात्र अजून हरायला तयार नव्हते. "खरं सांगा, तुम्ही तरी ओळखता का यांना?"

"ओळखते. म्हणून तर अंगठा दिला."

"मग नाव काय यांचं?"

"विचारलं नाही."

ताई उठल्या. अकरा दिवसांत पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. आर्याजींच्या कानाशी वाकून, पण मी शेजारीच होते, त्यांनी आपलं नाव—

"श्रावस्ती, ऊठ गं!" आर्याजी मला बोलावतायत. "ताईंची बस आली. हात कर, हाक मारू नकोस."